झाडाची फांदी तोडली म्हणून असं झालं का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, आम्ही दोघं सातारकडचे, सहा वर्षं झाली आयर्लंडमध्ये. मी नर्स, नवरा आयटीत. गेल्या वर्षी पूर्व क्लेअरमध्ये खेड्यात एक जुनं घर घेतलं. मागच्या शेतात एकटंच एक हॉथॉर्नचं काटेरी झाड आहे, त्याच्या पलीकडे मातीचा गोल उंचवटा. मागे एक खोली वाढवायची म्हणून नवऱ्याने फेब्रुवारीच्या शेवटी त्या झाडाच्या दोन मोठ्या फांद्या कापल्या. मार्चच्या मध्यात, नवव्या आठवड्यात, माझं मिसकॅरेज झालं. मे महिन्यात झाड पांढरंशुभ्र फुललं, मी चार डहाळ्या आणून फुलदाणीत ठेवल्या. शेजारचे टॉमकाका, ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहतात, चहाला आले होते. फुलं बघितली आणि चहा तसाच ठेवून उठले, म्हणाले ही आधी बाहेर टाक, आणि फांद्या कोणी तोडल्या म्हणून विचारलं. तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाईंना फोनवर बोलून गेले तर त्या म्हणतात पूजा घालून शांत करून घ्या. नवरा कॉलेजपासून अंनिसचं काम केलेला, तो म्हणतो आता अख्खं झाडच पाडतो म्हणजे विषय संपला. मी त्याला अजून तोंडावर म्हटलेलं नाही, पण मनात सारखं येतं, तू तोडलंस म्हणून झालं. तोडलेल्या फांद्या शेडपाशी पडल्यात, त्यांच्याकडे बघवत नाही. काय करू?"

अगं, तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि सगळ्यात आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकीचं नंतर. नाही. त्या फांदीमुळे तुझं बाळ गेलेलं नाही. तू नर्स आहेस, तुला हे माहितीये, पण स्वतःवर आलं की माहिती असलेलंही आठवत नाही म्हणून मी लिहितेय. पाचातल्या एका गरोदरपणात असं होतं, आयर्लंडमध्येही आणि साताऱ्यातही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत जे जातात त्यातले निम्म्याहून जास्त क्रोमोझोमच्या गडबडीमुळे जातात, म्हणजे गर्भ राहतो तेव्हाच ते ठरलेलं असतं. आता तारखा बघ. मार्चच्या मध्यात नववा आठवडा, म्हणजे गर्भ राहिला जानेवारीच्या शेवटी. फांदी तुटली फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा झाड तर अख्खं होतं गं. तुझ्या केसमध्ये नेमकं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण करवतीने झालं नाही हे मी छातीठोक सांगते.

दुसरं एक, जे तुझ्या लक्षात आलं नसावं. मार्च आणि एप्रिल हे दोन महिने तू रडलीस, पण तुझ्या पत्रात त्या दोन महिन्यांत कोणाला दोष दिल्याचं कुठेच नाही. दोष आला मे महिन्यात, टॉमकाका उठून गेले त्या संध्याकाळी. आणि काकांना तुझं मिसकॅरेज माहीत होतं का? तू तसं लिहिलेलं नाहीस, मला वाटतं माहीत नसणारच. ते फुलांबद्दल बोलले आणि फांद्यांबद्दल बोलले. बाळाचा धागा तू जोडलास. त्यात तुझी चूक काही नाही, एवढं मोठं दुःख कुठेतरी टेकवायला माणूस जागा शोधतोच, पण ती जागा तू शोधलीस, काकांनी दिली नाही, हे लक्षात ठेव.

आता झाडाबद्दल, कारण मला वाटतं तुम्हा दोघांना ते झाड म्हणजे काय हे नीट कोणी सांगितलेलंच नाही. शेतात मधोमध एकटं उभं असलेलं हॉथॉर्न, तिकडे त्याला आयरिशमध्ये श्क्याख म्हणतात, ते 'त्यांचं' असतं असं मानतात. ते म्हणजे कोण तर शी, इंग्रजीत फेअरी म्हणतात पण परीकथेतल्या पंखवाल्या पऱ्या डोक्यातून काढून टाक. ही माणसांसारखीच, माणसांच्या शेजारीच राहणारी, त्यांची गाईगुरं, त्यांच्या लढाया, त्यांचे रस्ते, आणि रागावली तर फार वाईट. म्हणून त्यांना नावाने हाक मारत नाहीत, 'द गुड पीपल' म्हणायचं, भली माणसं. तुला हे कळेल बघ, आपल्याकडे नाही का रात्री साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसंच.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरतं नाहीये. तुझ्याच क्लेअरमध्ये, न्यूमार्केट-ऑन-फर्गसजवळ लाटून म्हणून जागा आहे, तिथे १९९९ साली नवा मोठा रस्ता नेमका एका हॉथॉर्नवरून जाणार होता. एडी लेनिहन म्हणून तिकडचे नावाजलेले गोष्टी सांगणारे, शॅनाखी म्हणतात अशा माणसाला, ते उभे राहिले. म्हणाले मन्स्टर प्रांताची भली माणसं कॉनाक्ट प्रांताच्या भल्या माणसांशी लढायला जाताना याच झाडापाशी जमतात, हे पाडलंत तर रस्त्यावर माणसं मरतील. बातमी जगभर गेली, आणि शेवटी इंजिनिअर लोकांनी ते झाड राखून रस्ता केला. २००२ मध्ये कोणीतरी रात्रीतून येऊन त्याच्या सगळ्या फांद्या चेनसॉने कापून टाकल्या, नुसतं खोड उरलं. ते पुन्हा फुटलं. तुझ्या झाडाचं तुला वाईट वाटत असेल तर हे लक्षात ठेव, दोन फांद्यांनी हॉथॉर्न मरत नाही, फार चिवट झाड आहे ते.

फुलं घरात का नको, तर त्याला एक कारण आहे आणि ते तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव, त्याला आवडेल. हॉथॉर्नच्या फुलात ट्रायमिथाइलअमीन नावाचं रसायन असतं आणि मांस सडायला लागलं की तेच तयार होतं. आयर्लंडच्या खेड्यात माणूस गेला की रात्रभर प्रेत घरातच ठेवून वेक करायचे, शेजारीपाजारी बसायचे, घड्याळ थांबवायचे, आरसा झाकायचे. त्या लोकांना मरणाचा वास पुस्तकातून नाही, स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीतून माहीत होता. तोच वास फुलदाणीतून आला तर ऐंशी वर्षांचा माणूस चहा टाकून उठणार नाही तर काय. त्यांनी आपल्या आईला त्याच वासाच्या खोलीत निरोप दिला असेल कदाचित, हा माझा अंदाज, पण तुझ्यावर राग म्हणून ते उठले नाहीत एवढं मला नक्की वाटतं. फुलं झाडावर असताना मात्र शुभ, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तर काही भागांत काटेरी झुडूप सजवून दारात लावायची पद्धत होती. म्हणजे झाड वाईट नाही, जागा बदलली की वाईट, असा तो विचार आहे.

आता तो गोल उंचवटा. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण माझं लक्ष तिथेच अडकलं. तो बहुतेक रिंगफोर्ट असणार, तिकडे रथ किंवा लिस म्हणतात, गावांच्या नावात दिसेल तुला, लिसडूनवार्ना, लिसीकेसी. देशात साधारण ४५,००० आहेत. साधारण इसवी सन ५०० ते १००० च्या दरम्यान लोक त्या गोल बांधाच्या आत घर आणि गोठे करून राहायचे, आणि ती माणसं गेली, विसरली गेली, मग नंतरच्यांनी म्हटलं की इथे भली माणसं राहतात. त्यामुळे हजार वर्षं शेतकऱ्याने नांगर त्याला वळसा घालून नेला. मला तर वाटतं की कायद्याने जे जमलं नसतं ते या भीतीने केलं, नाहीतर एवढे राहिलेच नसते. आता कायदाही आहे, नोंद असलेल्या जागेला किंवा तिच्या अगदी लगत काही खोदायचं तर सरकारच्या नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसला आधी कळवावं लागतं, हात लावला तर गुन्हा. त्यांचा नकाशा ऑनलाइन आहे, खोलीचा पाया खणायच्या आधी तुमचं शेत त्यात शोधा, हे आजच करा. कधीकधी अशा ठिकाणी जमिनीखाली दगडी भुयार असतं, धान्य ठेवायला आणि हल्ला झाला तर लपायला केलेलं, वरून कळत नाही आणि जड मशीन गेलं की छत बसतं. म्हणजे 'तिथे जाऊ नको, जमीन गिळेल' हे म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आणि हो, १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांसाठी कुंपणाची झाडझाडोरी तोडायला तिकडे बंदी असते, त्यामुळे आत्ता करवत हातात घेणं तसंही बरोबर नाही.

पण मला खरं जे सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला, कारण तू आत्ताच यातून गेलीयेस. तरी लिहिते, कारण तू खंबीर वाटतेस आणि हे तुला उद्या दुसऱ्या कुणाकडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी आयर्लंडमध्ये, गॉलवेत राहायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या ऑफिसातली एक बाई, आमची चांगली मैत्री, एकदा मला तिच्या माहेरच्या शेतात घेऊन गेली. असाच गोल बांध, आत गवत, आणि गवतात छोटे छोटे दगड, काही पांढरे गारेचे, कशावर नाव नाही. मी विचारलं हे काय, तर म्हणाली हे किलीन, आणि मग बराच वेळ बोललीच नाही. बाप्तिस्मा व्हायच्या आधी जे बाळ जायचं, जन्मतानाच गेलेलं किंवा पोटातच गेलेलं, त्याला चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसायची. मग बाप रात्री, एकटा किंवा भावाला घेऊन, छोटीशी पेटी काखेत धरून अशा जागी जायचा, जुन्या रिंगफोर्टमध्ये, शेताच्या हद्दीवर, एकट्या हॉथॉर्नखाली. आईला बऱ्याचदा नेमकी जागाही कळायची नाही. हे काही जुन्या जमान्यातलं नाही, गेल्या शतकात अगदी मधल्या वर्षांपर्यंत चालू होतं, म्हणजे टॉमकाकांच्या लहानपणी. त्या मुलांच्या गतीचं काय याचं सविस्तर, आशेचं उत्तर चर्चकडून आलं ते थेट २००७ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र मंडळाने. तोपर्यंत ती बाळं कुठे गेली हे आईबापांना कोणी नीट सांगतही नव्हतं. माझ्या मैत्रिणीच्या आजीचा भाऊ तिथे होता. त्या कुटुंबाने त्या बांधात कधी गुरं चरायला सोडली नाहीत आणि बाहेरच्याने विचारलं तर सांगायचे की आत भली माणसं आहेत, तिथे जाऊ नये.

कळतंय ना मी काय म्हणतेय ते? तुझ्या शेतात असं काही आहे असं माझं म्हणणं नाही, मला माहीत नाही आणि तूही गृहीत धरू नकोस. पण 'त्या झाडाला हात लावू नका' या वाक्यामागे कितीतरी गोष्टी असू शकतात, त्यातल्या काही भीतीच्या आणि काही अशा दुःखाच्या की जे सरळ बोलायची सोयच नव्हती. म्हणून टॉमकाकांकडे जा. खुलासा करायला नको आणि वाद घालायला तर नकोच, नुसतं विचार की या झाडाची गोष्ट काय आहे, तुमचे वडील काय सांगायचे. आणि जाण्यापूर्वी डूखस म्हणून आयरिश लोककथांचा ऑनलाइन संग्रह आहे, त्या साइटवर तुमचा परिसर शोध. १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश फोकलोर कमिशनने शाळेतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं घरी जाऊन आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा, साधारण ५,००० शाळांतल्या मुलांनी लिहिलं, भुतं, विहिरी, औषधं, झाडं, सगळं. ते त्या मुलांच्या अक्षरात आज बघता येतं. तुमच्या गावच्या शाळेचं सापडलं तर प्रिंट काढून काकांकडे घेऊन जा, त्यात त्यांच्या मोठ्या बहिणीचं नाहीतर शेजाऱ्याचं नाव निघेलही.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल, आणि हे त्यालाही वाचू दे. त्याचा राग मला समजतो आणि त्याचं म्हणणं पोकळ नाहीये. या समजुतींनी आयर्लंडमध्ये माणूस मारलेला आहे. १८९५ च्या मार्चमध्ये टिपररीतल्या बॅलीवॅडली गावात ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई, पंचविशी ओलांडलेली, कपडे शिवायची, स्वतःचं शिलाई मशीन होतं, स्वतःच्या कोंबड्या आणि अंड्यांचे पैसे होते, ती आजारी पडली. नवऱ्याने ठरवलं की ही माझी बायको नाहीच, भल्या माणसांनी तिला नेलंय आणि तिच्यासारखं दुसरंच काही घरात ठेवलंय. नातेवाइकांनी तिला धरून जबरदस्तीने काढे पाजले, सगळ्यांच्या देखत पुन्हा पुन्हा विचारलं तू ब्रिजेटच आहेस का, आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. नंतर तो जवळच्या रिंगफोर्टपाशी रात्री वाट बघत बसला, खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल म्हणून. त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. ब्रिजेटचा बाप त्या खोलीत होता. तुझा नवरा ज्या चळवळीत वाढला ती असल्याच गोष्टींविरुद्ध उभी आहे, डॉक्टर दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला तो याच कामापायी, आणि त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. हे काम त्याने मनापासून केलं असेल तर त्याला झाडाची भीती दाखवणाऱ्या कोणाहीबद्दल चीड येणारच.

माझी रेघ मी अशी मारते: झाडाला वळसा घालून जाणं यात कोणाचं काही जात नाही, मी स्वतः वळसा घालते. पण 'तुझ्यामुळे झालं' हे वाक्य माणसाकडे बोट करून आलं, मग ते झाडाच्या नावाने असो की ग्रहाच्या, की तिथेच थांबवायचं. ब्रिजेटकडे बोट केलं होतं. आणि खरं सांगू, आत्ता तुझ्या मनात तुझ्या नवऱ्याकडे बोट आहे. मी तुला रागवत नाहीये गं, पण तू ते बघावंस असं मला वाटतं.

त्याला मात्र एक विचारते. ज्या माणसाला झाडाचं काहीच वाटत नाही त्याला ते मुळापासून पाडायची एवढी घाई का झाली? खोलीसाठी ते पाडायला नकोय, फांद्या तर आधीच काढल्यात. मला वाटतं त्याच्याही मनात तेच वाक्य फिरतंय, मी तोडलं म्हणून, आणि तो ते कोणाला सांगू शकत नाही, तुला तर नाहीच, आणि त्याच्या सगळ्या आयुष्याच्या विचारात ते बसतच नाही. बाळ त्याचंही होतं. लोक तुला विचारतात बरी आहेस का, त्याला कोणी विचारलं? झाड पाडून ते वाक्य जाणार नाही. उलट उद्या घरात कोणाला साधा ताप आला तरी दोघंही एकमेकांकडे बघाल. तेव्हा तू आधी बोल. तारखांचा हिशोब वर दिलाय तो त्याच्यासमोर मांड आणि त्याला म्हण की माझ्या मनात असं आलं होतं, तुझ्याही आलं का. एवढंच विचार आणि मग गप्प बस, त्याला वेळ लागेल. दोघांना मिळून कोणाशी बोलायचं असेल तर तिकडे मिसकॅरेज असोसिएशन ऑफ आयर्लंड आहे, त्यातले स्वयंसेवक स्वतः यातून गेलेले असतात.

सासूबाईंना पूजेची शांत करायची असेल तर त्यांना त्यांच्या घरी करू दे, त्यांचंही नातवंड होतं आणि इतक्या लांबून त्या दुसरं काय करणार. फक्त फोनवर एवढं सांगून टाकायला हवं की फांदीमुळे झालं असं त्या नातेवाइकांत कोणाजवळ बोलणार नाहीत. आणि हे तू नको सांगूस, तुझ्या नवऱ्याने आपल्या आईला सांगायचं.

खोली बांधा की, घर तुमचं आहे. फक्त जागा ठरवताना टॉमकाकांना बोलवा. जुन्या लोकांत घर पश्चिमेकडे वाढवू नये असाही एक समज आहे, तो मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण पश्चिमेकडून वारा पाऊस कसा येतो, पावसाळी दिवसांत पाणी कुठे साठतं, हे त्या माणसाला ऐंशी वर्षांचं माहितीये आणि कुठल्याही आर्किटेक्टला ते नाही.

राहता राहिल्या शेडपाशी पडलेल्या फांद्या. त्या चुलीत घालू नका, अशी लाकडं जाळू नयेत असं तिकडे मानतात आणि काकांना धूर दिसला तर त्यांना फार लागेल. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं मिळून त्या उचला, हॉथॉर्नचे काटे लांब असतात, जाड हातमोजे घाला, आणि झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवा. तिथेच कुजू देत, त्यात किडे होतील, रेन आणि रॉबिनसारखे छोटे पक्षी येतील. येताना काकांच्या दारावरून या आणि त्यांना सांगा की ठेवल्या. आणि त्यांचा त्या दिवशी राहिलेला चहा द्या.